झोताची सावली

माझ्या आत्याने अख्खी नोकरी एका जोडताऱ्याच्या मागे काढली. मला ताऱ्यांत काडीचा रस नाही, पण तिच्या घरी जेवायचं तर ऐकून घ्यावंच लागे. एक तारा म्हातारा, फुगलेला. दुसरा लहान, त्याच्या उजेडात हरवलेला. म्हाताऱ्याचा वायू धाकट्याकडे ओढला जातो, पण दोघं एकमेकांभोवती फिरत असल्यामुळे सरळ पडत नाही. धाकट्याभोवती गरगरत त्याची तबकडी होते, आणि त्यातला थोडा वायू वर-खाली झोत होऊन सुटतो.

"मग दिसतो का झोत?" मी विचारलं.

"तसा नाही दिसत गं. सहा वर्षांनी एकदा धाकटा म्हाताऱ्याच्या पुढ्यात येतो. तेव्हा म्हाताऱ्याचा उजेड झोतातून येतो आणि उजेडाच्या आलेखात खळगा पडतो. तीच त्याची सावली."

पहिल्या खेपेला ढगांनी घात केला. दुसऱ्या खेपेला दुर्बिणीचा आरसा दुरुस्तीला गेलेला. तिसरी खेप आली त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, हिची स्मरणशक्ती चालली आहे.

"पुढच्या खेपेला मला ताराच आठवायचा नाही," आत्या म्हणाली. "यंदा दिसला तर दिसला."

यंदा आकाश स्वच्छ मिळालं. वेधशाळेत आलेखांची सफाई आत्याच करायची. यंत्रामुळे आलेखाला पसरट झोल येतो. तो सपाट करायचा आणि जागा अडते म्हणून कच्चा आलेख पुसून टाकायचा, हा शिरस्ता तिनेच घातलेला. चष्मा कुठे ठेवला ते तिला आठवत नव्हतं, पण या कामात हात जराही अडखळला नाही. खळगा काही निघाला नाही. झोत नाही, असं तिने कळवूनही टाकलं.

त्या रविवारी भांडी विसळताना मी तिला बोलतं करावं म्हणून विचारलं, "खळगा असता तर कसा असता गं? बारीक?"

"छे, पसरट. झोतातला वायू काही सावकाश, काही सुसाट, प्रत्येक वेगाची सावली आलेखात जरा सरकून पडते, म्हणून खळगा चांगला पस..."

"आत्या?"

"मीच सपाट केला गं."

मी वेधशाळेच्या साहेबांना फोन करून तावातावाने भांडले. ते बिचारे म्हणाले, कच्चं काही उरलेलं नाही, बाईंचाच नियम होता. ओरडायचं तरी कुणावर?

आता आत्या माझ्याकडे असते. जेवलेलं तिच्या लक्षात राहत नाही, आंघोळ केलेली राहत नाही. एकच गोष्ट तेवढी राहिलीय. तीही एक दिवस जाईल म्हणून मी वाट बघतेय, खोटं कशाला सांगू. रोज सकाळी ती मला विचारते, "तुम्ही कोण?" मी सांगते. मग माझा हात घट्ट धरून ती म्हणते, "बाई, तो आला होता हो. मीच पुसला."