शालूवैनीने तेरेखोलला नेलेल्या कोंबड्या

"हाड् हाड्! चुलीत शिरली बघा भावजी, चुलीत! बसल्यात काय देवासारखे, हाकला तिका!"

शालूवैनी ओरडत होती ती खाटेवरून. तीन महिने ती खाट सोडून उठली नव्हती, अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं, पण आवाज... तो होता तसाच. माझ्या या भावजयीने आमच्या पार्शे गावात कोंबड्यांना हाक मारली की धारगळच्या हमरस्त्यावर ट्रकवाले ब्रेक दाबायचे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. मी उठून ती तांबडी कोंबडी राखेतून हुसकली आणि परत येऊन बसलो, तर वैनी डोळे मिटून दम घेत होती. डोळे न उघडताच तिने विचारलं, "भावजी, मथूक सांगलात?"

मथू म्हणजे तिची धाकटी बहीण, खाडीपलीकडे तेरेखोलला दिलेली. पाच वर्षं या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. त्याला कारण मी होतो, आणि तसं मथूच्या तोंडावर जाऊन सांगायचं काम वैनीने माझ्यावर टाकलं होतं. मी म्हटलं, "सांगलां तर! गेल्या सोमारीच जावन इलंय." "मगे?" "मगे काय, येतंय म्हणाली." वैनीचे डोळे उघडले. ती हसली. मी कुठेही गेलो नव्हतो. त्या सोमवारी मी आमच्या अंगणात काजूच्या सावलीत बसून, सायकलवरून येणाऱ्या पोदेराच्या पावाबरोबर चहा प्यालो होतो. ही आमची शेवटची भेट नव्हे, पण शेवटचं बोलणं हेच धरायचं. त्यानंतर तेरा दिवसांनी ती गेली.

वैनी या घरात आली तेव्हा मागीलदारी एक फुटका रांजण आणि दोन माजलेली मांजरं, एवढाच पसारा होता. वर्षभरात तिथे साठ कोंबड्या झाल्या. मी साठ म्हणतो. मोजल्या असत्या तर बावीस भरल्या असत्या, पण कलकलाट साठांचा होता. सकाळी ती गुड उघडायची, म्हणजे आमच्याकडचं कोंबड्यांचं चिऱ्यांचं खुराडं, आणि एकेकीला दारातच धरून पोटाखाली बोटांनी चाचपायची. अंड्यावर आलेली परत आत, बाकीच्या बाहेर. नाहीतर मेल्या शेजाऱ्याच्या गवतात अंडं घालून यायच्या. "ही न्हेरी करी सर घालतली," असं ती सांगायची, आणि आमची न्याहारी आटपायच्या आत ते अंडं खरोखर पडलेलं असायचं. मी पेडण्याच्या बाजारात सांगून टाकलं, की आमची वैनी नुसत्या बोटाने आतला कोंबडा की कोंबडी तेही ओळखते. ते ऐकून डिचोलीहून दोन माणसं बघायला आली! वैनीने त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि मला म्हणाली, "तुमच्या तोंडाक कुलूप घालूक होयां." दादा अकाली गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. त्या मुलाचं शिक्षण, घराची शाकारणी, चतुर्थीचा गणपती, सगळं तिने त्या मागीलदारावर उभं केलं. त्या कोंबड्या म्हणजे तिचा छंद नव्हता.

मग ते वर्ष आलं. गोव्यात भाषेवरून रान पेटलं होतं, रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली, बसगाड्या बंद. आमच्या घरात भांडायचं ते इथल्या बोलीत, पत्रं लिहायची मराठीत आणि कोंबड्यांना बोलवायचं 'बा बा बा' करून. त्यामुळे आपण कोणाच्या बाजूचे ते आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. त्याच दिवसांत कोंबड्यांची मर आली. आमच्याकडे रीत अशी, की शेजारच्या गावात मर आल्याचं कळलं की आपल्या धडधाकट कोंबड्या पाटीत घालून लांबच्या नातेवाइकाकडे धाडायच्या. पण आपल्या गुडात एक जरी लुडकली तर बाकीच्या हलवायच्या नाहीत. मग जे व्हायचं ते आपल्याच दारात होऊ द्यायचं.

त्या सकाळी आमच्या गुडात एक लुडकली. मान पिळवटलेली, चोचीतून पाणी गळतंय... वैनी तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि ओरडत नव्हती. तिचं ते गप्प बसणं मला बघवेना. गप्प माणूस दिसला की मला काहीतरी सांगावंसं वाटतं, ही माझी जन्माची खोड. मी म्हटलं, "वैनी, मर खारं पाणी ओलांडीत नाय." फेरीबोट सुटली की मर म्हणे केरीच्या धक्क्यावरच राहते! पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, राज्यात तेरेखोलच्या किल्ल्यावरचा कप्तान चारशे कोंबड्या पाळायचा, आणि अख्ख्या पेडण्यात मर फिरली तेव्हा त्याचं एक पीससुद्धा वाकडं झालं नाही. हे मला आजोबांनी सांगितलं, असंही मी सांगितलं. आजोबा माझ्या जन्माआधी वारले होते.

"खरां?" वैनीने विचारलं.

"खरां."

"माझ्या गळ्याची शपथ घेवन सांगा."

मी घेतली.

गुडातल्या उत्तमातल्या उत्तम सहा कोंबड्या तिने निवडल्या, पाटीत घातल्या, वर जुनं लुगडं बांधलं आणि ती पाटी डोक्यावर घेऊन पार्श्याहून केरीच्या धक्क्यापर्यंत पायी गेली. बहिणीला तिने मेलेल्या कोंबडीचं सांगितलं नाही. सांगायचं कशाला, मर तर काठावरच राहिली होती! आठ दिवसांत मथूच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. पंधरा दिवसांत त्या वाड्यावर बांग द्यायला एक कोंबडा उरला नाही. लोकांनी मथूला विहिरीवर गाठून विचारलं, आणि मग तिच्याबरोबर पाणी भरायचं बंद केलं.

मथू एकदाच आली. अंगणात उभी राहिली, पायरी चढली नाही. "इतक्याच सांग, शालू. तुझ्या गुडात मेलली होती?"

"होती."

"आणि जाणून माझ्या दारात हाडलंस?"

वैनीने माझ्याकडे बघितलं. मी सोप्यात बांकावर बसून छपराचे नळे, म्हणजे कौलं, मोजत होतो. आमच्या सोप्यावर किती नळे आहेत ते मला तेव्हापासून पाठ आहे. मथू वळली आणि गेली.

पुढे मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? तर म्हणाली, "अंगणात उभी करून घरच्या माणसाक उघडो पाडू? तुमीच जावन सांगा." दर चतुर्थीला ती हेच सांगायची. आणि दर चतुर्थीला मी फेरीबोट बंद पाडायचो. कधी तिचं इंजिन बिघडायचं, कधी ती गाळात रुतायची, एकदा तर मी ती वाहवत वेंगुर्ल्याला नेली. गोव्याचं राज्य झालं, पाट्या बदलल्या, वैनीच्या गुडात पुन्हा बावीस कोंबड्या झाल्या, तिचा मुलगा नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं... तेरेखोल मात्र माझ्याच्याने ओलांडवलं नाही.

मी 'सांगून आलो' म्हटलं त्या दिवसापासून वैनीने सुनेकडून रोज केस विंचरून घेतले. त्या तांबडीची अंडी मोडायची नाहीत, मथू येईल तेव्हा तिच्या रवणीला, म्हणजे खुडूक कोंबडीखाली बसवायला, द्यायची, असं बजावून ठेवलं. प्रत्येक अंड्यावर ती कोळशाने रेघ ओढायची. दुसऱ्याला ओढू द्यायची नाही. बसचा हॉर्न वाजला की मान वळायची. मी रोज तिच्या खाटेपाशी जाऊन बसायचो. त्या दिवसांत मला एकही गोष्ट सुचली नाही. अंडी दहा दिवसांच्या वर शिळी झाली की रवणीला चालत नाहीत, हे तिच्याहून चांगलं कोणाला ठाऊक असणार? अकराव्या दिवशी तिने सुनेला हाक मारली आणि म्हणाली, "ती अंडी मोडा आता. पोळो करून खावा." मी तिथेच होतो. तेव्हा तरी उठून केरीची वाट धरायची होती. मी पोळा खाल्ला.

गेल्या आठवड्यात मी फेरीबोटीतून तेरेखोलला गेलो. अगदी वेळेवर सुटली, कुठे रुतली नाही. मथू अंगणात लोखंडी सुळ्यावर नारळ सोलत होती. मागीलदारी एक कोंबडी नव्हती. बस म्हणाली नाही, म्हणून मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कप्तान, चारशे कोंबड्या, मेलेले आजोबा, गळ्याची शपथ, सोप्यातले नळे, तो सोमवार. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जशी घडली तशी सांगत होतो आणि ती सांगताना मला शब्द सापडत नव्हते. तिचा हात थांबला नाही. शेवटी मी म्हटलं, "अकरा दिवस ती तुमची वाट बघी होती, मथूताई."

मथूने सोललेला नारळ ढिगावर टाकला आणि दुसरा उचलला.

"पाच वर्सां मी पण बघी होतंय."