बिनवजनाचा काटा

आमच्या सासरी नवी तुरीची दाळ झाली की आधी लेकीबाळींचा वाटा निघायचा. तीन नणंदा, सहा आत्यासासू. नऊ पिशव्या, प्रत्येकीत लहान पितळी मापानं वीस मापं. थोरल्या नणंदबाई पोचलेली दाळ पुन्हा मोजून घेतात, ही माहिती मला हळद उतरायच्या आत मिळाली होती.

नव्वदीच्या मध्यात, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हे काम माझ्याकडे आलं. सासूबाईंनी नऊ पिशव्यांपुरती दाळ आधीच मोजून ठेवलेली. मी पिशव्या भरल्या, सुतळीनं शिवल्या आणि सुपात पाहते तर एक माप दाळ शिल्लक.

धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मध्येच शेजारीण बोलायला आली होती. तेव्हा तोंडानं 'लाभ' म्हटलं असणार आणि माप ओतायचं राहिलं असणार. पण कोणत्या पिशवीत? उचलून पाहिल्या, हाताला सगळ्या सारख्याच.

"थोरलीच्या वाट्याला तीच गेली तर जलमभर ऐकशील," सासूबाई म्हणाल्या.

दीर पिशव्या पोचवायला सेनगावला निघालेले. "वहिनी, एसटी येऊन राहिली. नऊच्या नऊ उसवत बसू नका."

त्यांनाच शेजारच्या दुकानातून तराजू आणायला पिटाळलं. दुकानदार वजनं घेऊन जवळा बाजारला गेलेला. नुसता काटा आला.

"वजनाबिगर काय तोलता?" दीर हसले.

"पिशव्यांनी पिशव्या."

काटा लिंबाला टांगला. तीन पिशव्या इकडे, तीन तिकडे. दांडी सरळ. म्हणजे कमी भरलेली उरलेल्या तीन पिशव्यांत. त्यातली एक इकडे, एक तिकडे. डावं पारडं वर गेलं. सापडली!

पुढं मुलीच्या पुस्तकात हेच कोडं नऊ नाण्यांचं निघालं. तिला एसटी धरायची नव्हती, तिनं दोन दिवस घेतले.

मी ती पिशवी उसवली, माप ओतलं आणि धावते टाके घातले. दीर पळत सुटले.

आठवड्यानं थोरल्या नणंदबाईंचा निरोप आला. "दाळ बराबर भरली. पण पिशवी शिवली कोणी? टाके लईच वाकडे."

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बराबर म्हणली ना? मग टाक्याचं तिला बोलू दे."