न दिसणाऱ्या अक्षरांचा कहर

सिहोऱ्यातल्या ऑनलाइन सेंटरात मी झाडू मारते, रांग लावते आणि मधे घुसणाऱ्याला बाहेर काढते. मी चौथी शिकलेली. पण त्या खोलीत बसून असे असे किस्से जमलेत, की एक आठवला तर त्याच्यामागं दुसरा येतोच. आणि दरवेळी माझं तोंड उघडंच राहतं.

* * *

एकदा प्रिंटर प्रत्येक दाखल्यामागं एक कोरा कागद फेकायला लागला. मी त्याला रट्टा द्यायला उठले, तर ऑपरेटर प्रमोद म्हणाला, "काकू, त्याची चूक नाही. फाइलीत एक अक्षर घुसलंय. ते छापून येत नाही, नुसता 'पान बदल' म्हणून हुकूम सोडतं."

हुकूम सोडणारी माझी सासू निदान दिसायची तरी!

* * *

मग महिला मंडळाची यादी. शांताच्या नावात टॅबचं बटण दाबलं गेलं होतं. ते स्वतः दिसत नाही, पण पुढचं सगळं एकेक रकाना सरकवतं. मी रांगेसमोर वाचून दाखवलं : वय मारोती, गाव बेचाळीस.

मारोती तिचा नवरा. शांता शांतपणे म्हणाली, "वय बरोबर हाये. त्याच्यापायीच म्हातारी झाली मी."

* * *

पण शकुंतलेच्या वेळी कोणी हसलं नाही. तिचा नवरा गेला. तलावात जाळं टाकायची त्याची पाळी मच्छीमार सोसायटीनं तिच्या नावावर करायची होती, आणि फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस. पाच वाजता बंद. नाही भरला, तर वर्षभर तलावात पाय ठेवता येणार नव्हता. कंपुटर म्हणे, नाव जुळत नाही. फॉर्मात आणि सोसायटीच्या यादीत, दोन्हीकडं नाव अगदी सारखं, मी स्वतः वाचलं!

प्रमोद बाणाचं बटण दाबत गेला. पडद्यावरची लुकलुकणारी उभी रेघ अक्षरामागून अक्षर सरकली. 'कुं'नंतर बटण दाबलं, तर रेघ जागची हलेना.

"न दिसणारं अक्षर आहे, जुन्या फाइलीतून आलंय. इथंच लपलंय. पुसतो."

शकुंतलेनं त्याचं मनगट धरलं. "माह्या नावातलं कायी काढू नको. पयले दाखव मले."

दाखवणार काय? दिसतच नव्हतं. पाचला पाच मिनिटं कमी. ती हात सोडेना. जन्मात त्या मशीनला हात न लावलेली मी. प्रमोदनं मानेनं दाखवलेलं बटण मीच दाबलं.

पडद्यावरून काहीच गेलं नाही. नाव मात्र जुळलं. पावती बाहेर आली.

शकुंतलेनं पावतीवर बोट ठेवून अक्षरं मोजली. श, कुं, त, ला. चारही जागेवर. मग माझ्याकडं बघत हळूच म्हणाली,

"बाई, मंग तुनं पुसलं कोणाले?"