सहाव्या आठवड्यातले दात

गिरिजाताई गेल्याचा फोन पुण्याहून आला, तेव्हा मी सिरसाळ्यात आमच्या बियाण्यांच्या दुकानात होते. प्रयोगशाळेत काम करतानाच छातीत कळ आली आणि सगळं संपलं... दीड महिना झाला. माझी ही मोठी नणंद आयुष्यभर एकाच गोष्टीचा अभ्यास करत राहिली. पोटातल्या बाळाचे दात तयार कसे होतात?

माझी शर्वरी तीन वर्षांची झाली तरी तिचे वरचे पुढचे दोन दात आलेच नव्हते. ती पोटात असताना सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी विळीवर भाजी चिरली होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत. हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं. लेक हसली की मी नजर वळवायचे.

त्या दिवाळीत ताई सूक्ष्मदर्शक घेऊनच आल्या. काचपट्टीवर जन्माआधीच्या उंदराच्या पिल्लाचा जबडा होता, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलेला. मी डोळा लावला. निळसर पेशी, आणि त्यांच्या कडांना तपकिरी रेषा.

"त्या रेषा म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे रेणू," ताई म्हणाल्या. "वरचा थर खाली उतरतो, त्याची दाताची कळी होते. उतरताना पेशी शेजारणीची पकड सैल करतात, जागेवर पोचल्या की नव्यानं धरतात. इतकी वर्षं बघतेय सुमन, अजून अंगावर काटा येतो. आपल्यात हे सहाव्या आठवड्यात सुरू होतं."

सहाव्या आठवड्यात तर मला दिवस गेलेत हेही धड माहीत नव्हतं...

सासूबाई दारात उभ्या होत्या. "मग गिऱ्हाणाचं काय?"

ताईंनी तोंडातून वरच्या पुढच्या दोन दातांची छोटी कवळी काढून तळहातावर ठेवली. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मला याचा पत्ताच नव्हता. "आई, माझ्या वेळी कोणतं गिऱ्हाण होतं?"

सासूबाई खाली बसल्या. "तुझं लगीन जमावं म्हणून लपवलं गं."

"लपवलंस ते जाऊ दे. हिच्या माथी कावून मारलंस? नेमकं कुठं चुकतं, ते मलाही अजून सापडलं नाही. पण विळीनं होत न्हाई, एवढं पक्कं हाय."

सासूबाई उठल्या आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला. मग हळूच म्हणाल्या, "हे समदं माझ्या पोटात झालतं?"

पुण्याहून ताईंचं सामान आलं, त्यात ती कवळीही होती. सासूबाईंनी ती काचेच्या वाटीत, ओट्याशेजारच्या खिडकीत ठेवली आहे. रोज सकाळी त्या वाटीतलं पाणी बदलतात. पाहुण्यांनी विचारलं, तर सरळ सांगतात, "माझ्या लेकीचे दात हायत."