अंगणातला चिनी बांबू

दादासो बंडगर कुपवाडच्या कारखान्यात तीस वर्षं राबला आणि निवृत्त होऊन आटपाडीकडच्या आपल्या गावी काय घेऊन आला, तर एक चिनी कॅलेंडर. मशीन बसवायला आलेल्या चिनी माणसाने दिलेलं. तेव्हापासून पारावर आमची शाळाच भरायला लागली.

"तिकडच्या लोकांनी अंगणात खांब रवला," तो सांगायचा. "रोज दुपारी सावली मापली. सगळ्यात लांब सावली हिवाळ्यातली, सगळ्यात आखूड उन्हाळ्यातली. मग मधी भाग पाडत पाडत वर्साचं चोवीस केलं. दोन हजार वर्सामागं! तुमी बसा गड्या, मृगाची वाट बघत."

आम्ही अडाणी माणसं, काय बोलणार? त्यानेही अंगणात बांबू रोवला. फक्त सावली मापायच्या वेळी, भर दुपारी, साहेब आत घोरत पडलेले असायचे. बांबूवर त्यांचा टॉवेल वाळायचा.

तो कुपवाडला असताना वीस मेंढ्या जगवल्या त्या त्याच्या बायकोने, सुलाबाईने. दसऱ्यानंतर लोकर कातरणारे आले, तर या शहाण्याने त्यांना दारातूनच हाकललं.

"तेवीस ऑक्टोबरला हिम पडतंय. मेंढरं उघडी करून मारायची हायत काय?"

त्या चोवीस भागांपैकी त्या दिवशी सुरू होणाऱ्या भागाचं नावच कॅलेंडरात 'हिम उतरतं' असं होतं. ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्या तिकडे, चीनमधल्या नदीकाठी, उतरत असेल. आटपाडीत ते कधी उतरलं, हे याने एखाद्या मेंढीला विचारलं असतं तरी चाललं असतं!

"आवं, ऊन किती हाय बघा की," सुलाबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय?"

झालं. कातरणारे पुढच्या गावाला गेले.

तेवीस तारीख उजाडली. हिम सोडा, दवसुद्धा नव्हतं. मेंढ्या लोकरीखाली धापा टाकत होत्या. दुपारी सुलाबाईची लाडकी गाभण मेंढी बांबूच्या बोटभर सावलीत तोंड घालून पडली, ती उठलीच नाही. पोटातलं पिल्लूही गेलं. मला दादासोचा असा संताप आला, की तोंड बघवेना.

सुलाबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या लोकांनी सोताच्या दारात सावली मापली व्हती. तुमी आपल्या दारात एकदा तरी मापलीसा?"

उरलेल्या मेंढ्या तिने एकटीने कातरल्या. तो मदतीला आला, तर कातर त्याच्या हाती दिली नाही.

आता दादासो दुपारचा झोपत नाही. टॉवेल डोक्यावर घेऊन बांबूपाशी बसून असतो. सुलाबाई त्याच्यासमोरून जाऊन मेंढ्यांना पाणी पाजते. त्याला जेवायला हाक मारत नाही.