जोर कुठला

दुष्काळात सहकारी कारखाना बंद पडला, तेव्हा आम्ही तेलगावची पोरं त्याच्या ओस आवारात क्रिकेट खेळायचो. गेवराईविरुद्धच्या फायनलला एक गडी कमी पडला, म्हणून टपरीवर चहा पिणाऱ्या, पोट सुटलेल्या टँकर ड्रायव्हरला उतरवलं. शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. त्यानं डावा पाय रोवला, आधी ढुंगण फिरवलं, मागून बॅट आली. चेंडू गोदामाच्या पत्र्यापलीकडं गेला.

पाहुणे म्हणून आलेले कारखान्याचे चेअरमन म्हणाले, "खांद्यात लई ताकद हाय तुझ्या."

"खांद्यात न्हाई साहेब, ढुंगणात. तुमचंबी दणकट हाय, पर ते खुर्चीतनं उठाया पायजे."

सामनावीराचा कप चेअरमननी शून्यावर बाद झालेल्या पुतण्याला दिला. ड्रायव्हर तोवर निघून गेला होता. पुढच्या वस्तीवर बायका घागरी मांडून बसल्या होत्या.