भोये सर आणि येवल्याची बस

अन्याय झाला तो काशिनाथ भोये या शिक्षकावर. गेल्या जुलैतल्या शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजता, आमच्या कॉलेजच्या पोर्टलवर मायनर निवडायची मुदत संपली त्या क्षणी. तो अपघात नव्हता, कुणाची नजरचूकही नव्हती. चहा पिता पिता, कुणीही आवाज न चढवता केलेला अन्याय होता तो. म्हणूनच आधी नाव आणि वेळ लिहून ठेवते. नंतर कुणी ‘असं काही झालंच नाही’ म्हणायला नको.

तुम्ही भोये सरांना ओळखत नाही. ओळखणार तरी कुठून? तासिका तत्त्वावरच्या माणसाचं नाव कॉलेजच्या पाटीवर लिहीत नाहीत. जेवढे तास घ्याल तेवढ्यांचं मानधन, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कुणीच नाही. दर जूनला सर त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, त्याच जागेसाठी मुलाखत द्यायचे. समोरचे दरवर्षी म्हणायचे, “तुमची ओळख सांगा.” ज्यांच्याबरोबर वर्षभर चहा प्यायला, तेच! सर हसून सांगायचे, “मी दरवर्षी नवीनच असतो. नवरीसारखा.”

सर आंतरराष्ट्रीय अभ्यास शिकवायचे. पदवीचा मुख्य विषय म्हणजे मेजर, आणि दुसऱ्या वर्षापासून त्याला जोडून घ्यायचा दुसरा विषय म्हणजे मायनर. माझं मेजर राज्यशास्त्र. मायनर मी भोये सरांचं घेतलं आणि पहिल्याच तासाला त्यांनी मला डबा उघडायला लावला.

ही त्यांची सवयच होती. वर्गात आले की खडू हातात घ्यायच्या आधी बोट करायचे, “तू. डबा उघड.” डबा रिकामा असला तरी सुटका नाही. “वास तर येतोय ना? वरण होतं. तूर कुठली?” मी म्हणाले, किराणा दुकानातली. अख्खा वर्ग हसला, सर नाही हसले. “दुकानात कुठनं आली? असंल मोझांबिकची, असंल म्यानमारची. दुकानदाराला विचारून ये.” मग तेलावर घसरले, तेलावरून इंडोनेशियात गेले, आणि तास संपला तेव्हा माझ्या इंदिरानगरच्या स्वयंपाकघरात निम्मं जग येऊन बसलं होतं. जाताना दारातून म्हणाले, “जग लांब नाय. आपणच पाठ करून बसलोय.”

वर्गात ते शुद्ध बोलायचे. पण विषय रंगात आला की ‘नाही’चं ‘नाय’ व्हायचं, ‘आहे’चं ‘हाय’, आणि पेठ तालुका आत यायचा. सर पेठच्या डोंगरातले. गावाखाली ओढा, ओढ्यापलीकडं गुजरात, आणि पलीकडच्या पाड्यात त्यांची आत्या. “लहानपणी मला वाटायचं आत्या परदेशात राहते,” ते सांगायचे. “तिकडच्या शाळेची पाटी वाचता यायची नाय. भाकर मात्र तीच, नागलीची. तेव्हापासून डोक्यात हाय, की ही रेघ कुणी मारली आणि आत्याला विचारून मारली का?” सीमाप्रश्नावर मी पुढं बरंच वाचलं. आत्याला विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र दुसरीकडं कुठं सापडला नाही.

मी विद्यार्थी संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते. परीक्षा शुल्काविरुद्धचं एक पत्रक मी सरांच्या हातात दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं, लाल पेनाने रंगलेलं. “उद्गारचिन्हं लय झाली. एका देशाला पुरतील. आणि ‘धिक्कार’ एकदाच ठेव, तोही नीट जागा बघून.” मी चिडले. ते म्हणाले, “चिडलीस ते पहिल्या ओळीत कळलं. पाहिजे काय, ते शेवटपर्यंत कळलं नाय. मागणी शेवटच्या ओळीत लिहायची, पत्रकबाई. आणि ज्याच्या हातात कागद हाय, त्याच्याकडंच मागायची. शासनाकडं मागशील तर शासन काय तुझं पत्रक वाचतंय?”

तेव्हापासून मी पत्रकबाई.

आता जुलैकडं येते. कॉलेजच्या गेटवर मोठा फलक होता, त्यावर निळा पृथ्वीगोल आणि ‘आंतरराष्ट्रीय अभ्यास: जगाचं दार उघडा’. त्या फलकाच्या भरवशावर तबस्सुम अन्सारी येवल्याच्या पुढच्या एका गावातून नाशिकला यायची. घरी हातमाग, वडील पैठणी विणतात. येवल्यात कॉलेज आहे, पण हा विषय तिथं नव्हता. पहिल्या भेटीत मी तिला विचारलं, तुला कशाला गं हे मायनर? ती म्हणाली, “ताई, रेशीम बंगळूरहून येतं. पण चीनमध्ये काही झालं की बंगळूरचा व्यापारी भाव वाढवतो. का वाढवतो, ते अब्बूंना माहीत नाही, व्यापारी सांगत नाही. मला ते शिकायचंय.” पहिलं वर्ष तिने या एका विषयाची वाट बघत, रोज दोन एसट्या बदलत काढलं.

कॉलेजचा नियम असा, की ठरलेल्या संख्येपेक्षा एक जरी विद्यार्थी कमी पडला तर मायनर बंद. मी बाकाबाकावर फिरले, मुलांच्या आयांशी फोनवर बोलले. “यातून नोकरी लागते का?” या प्रश्नाला मी दिवसभर उत्तरं दिली. शेवटच्या आठवड्यात संख्या बरोब्बर भरली. शेवटची तबस्सुम. मी सरांना सांगायला धावत गेले तर ते वेळापत्रकासमोर उभे. मायनरचा तास दिवसातला शेवटचा लावला होता.

“तबस्सुमची बस?” त्यांनी विचारलं.

तेवढंच. मला अजून कळलं नव्हतं, त्यांना कळलं होतं. शेवटचा तास करून निघालं की येवल्याला पोचेपर्यंत तिच्या गावची शेवटची एसटी गेलेली असते. पुढचा रस्ता अंधारा, शेतांतला, आणि न्यायला यायचं तर अब्बू रात्रीपर्यंत मागावर, घरात दुसरं कुणी नाही. होस्टेलला जागा नव्हती. शहरात नातेवाईक नव्हते.

सर सकाळच्या तासासाठी फिरले. सकाळचा तास होता एका कायम प्राध्यापकाकडं. ते म्हणाले, “तो पहिल्यापासून माझा आहे, भोये.” मग प्राचार्यांकडं. ते म्हणाले, “तुम्ही आपसात बघा.” आपसात म्हणजे काय? कायम माणूस आणि तासिकेवरचा माणूस, यांचं आपसात कसलं डोंबलाचं असतं! सर पुन्हा कायम प्राध्यापकांकडं गेले. त्यांच्यासमोर चहा आला. सरांसमोर नाही आला.

आणि तो शुक्रवार उजाडला. दुपारी तबस्सुम ग्रंथालयाच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसली होती. स्क्रीनवर पोर्टल उघडं.

सर तिच्याशेजारी बसले. “घरी काय म्हणतात?”

“अब्बू म्हणतात, तू बघ. अम्मी म्हणते, अंधारात नको.”

“बरोबर म्हणते. कॉमर्सचं मायनर दुपारी हाय ना? ते दाब.”

“सर, मी इथं याच्यासाठीच आले.”

“माहिताय मला.”

“मी नाही घेतलं तर बंद पडेल. ताईनं सांगितलं.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग तिला म्हणाले, “ते तुझ्या डोक्यावर नाय. दाब, पोरी. बस चुकंल.”

मी त्यांना बाजूला ओढलं. शब्दशः बाही धरून. “सर, तिला घेऊ द्या विषय. तास बुडू दे. हजेरी लावा तुम्ही. सगळे लावतात.”

“सगळे कोण?”

“सगळे! तुम्हाला माहितीय.”

“माहिताय. म्हणून तर विचारतोय.”

“एक सही, सर. विषय राहील. तुम्ही राहाल.”

“आणि ती काय शिकंल? गुणपत्रिकेवर येईल विषय. रेशमाचं उत्तर येईल का? न शिकता शिकलेली माणसं लय हायत आपल्याकडं, त्यात हिला कशाला ढकलतेस?”

“तुमची नोकरी जाईल!”

“होती कधी?” ते म्हणाले, आणि हसलेही. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी तिथंच रडायला लागले. मी आजही म्हणते, सही करायला हवी होती. ज्यांनी वेळापत्रक लावलं ते एवढे स्वच्छ होते का? मग सगळा सच्चेपणा पेठच्या माणसानंच का सांभाळायचा? यावर सरांचं आणि माझं कधी पटलं नाही.

तबस्सुमनं कॉमर्स दाबलं. ओढणीनं डोळे पुसले आणि स्टँडकडं निघाली. सरांनी मागून हाक मारली, “ए, बसमध्ये बसलीस की फोन कर. येवला येईस्तोवर शिकवतो.”

पाच वाजले. संख्या एकनं कमी. मायनर बंद.

सोमवारी कळलं, की आधीच मायनर घेतलेल्या आमच्या तुकडीचे उरलेले तास सकाळवाल्या प्राध्यापकांकडं दिलेत. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात आणि मध्येच घड्याळ बघतात. भोये सरांसाठी तास उरले नाहीत. त्यांना कुणी काढलं नाही; काढायला आधी ठेवावं लागतं. फक्त “पुढच्या वर्षी बघू” म्हणाले. सर निरोप घ्यायला वर्गात आले, सवयीनं माझ्याकडं बोट केलं. मी डबा उघडला. त्यांनी आत बघितलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. “जेव,” म्हणाले, आणि गेले.

गेटवरचा पृथ्वीगोल मात्र तसाच राहिला. अजून आहे. येऊन बघा.

द्राक्षांच्या हंगामात मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसवर कामगारांना पत्रकं वाटायला गेले. परदेशी जाणारी द्राक्षं तिथं खोक्यांत भरतात. ओळीत पेठ-सुरगाण्याच्या बायका, डोक्यावर जाळीच्या टोप्या. टोकाला एक उंच माणूस खोक्यांवर लेबलं चिकटवत होता. त्याने मान वर केली.

“ये पत्रकबाई. बघ, शेवटी परराष्ट्र खात्यात लागलो.”

मी पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला. त्यांनी हातातलं लेबल दाखवलं. रॉटरडॅम. “इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, आता खोक्यावर चिकटवतो. स्पेलिंग तरी पाठ हाय.” शेजारची बाई खुदकन हसली, “सर, लेबल वाकडं लागलं.” तिथंही त्यांना सरच म्हणत होते.

चारच्या चहाची घंटा झाली आणि सरांचा फोन वाजला. “थांब हं, तासाची वेळ झाली.” चहा तसाच ठेवून ते रिकाम्या क्रेटच्या ढिगामागं गेले. मी ऐकत उभी राहिले. “हां तबस्सुम, निफाड गेलं का? बरं. काल कुठं थांबलो होतो? चीननं निर्यात कमी केली. आता बंगळूरचा व्यापारी काय विचार करंल, तू सांग. नाय नाय, मी नाय सांगणार. तू सांग.” मग बराच वेळ ते नुसते “हां... हां...” करत ऐकत होते आणि चेहरा असा झाला होता, की कॉलेजात मी तसा क्वचितच बघितला. विंचूरच्या पुढं आवाज तुटायला लागला. “हॅलो? हॅलो?” करत ते क्रेटच्या ढिगावर चढले. खालून मुकादम ओरडला, “ओ भोये, चहा झाला!”

जिल्ह्यात या विषयाचे बाकी वर्ग कसे चालतात मला माहीत नाही. मी बघितलेला खरा वर्ग तो एवढाच, क्रेटचा ढीग आणि येवल्याची बस. त्याला गुण नाहीत, हजेरी नाही, आणि शिकवणाऱ्याला त्या वेळेत चहासुद्धा नाही.

तोही टिकला नाही. मार्चमध्ये पॅकहाऊसवाल्यांनी फोन आत नेणं बंद केलं. गेटवर पेटी ठेवली, सकाळी टाकायचा, सुटल्यावर घ्यायचा. सर सुटतात तोवर तबस्सुम घरी पोचून मागावर बसलेली असते. मागाच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही. हंगाम संपला तसे सर पेठला गेले. जूनमध्ये मुलाखतीला याल का, विचारलं तर म्हणाले, “मायनरच नाय तर कसली मुलाखत? ओळख सांगून सांगून दमलो गं.” ‘पत्रकबाई’ म्हणाले नाहीत. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि परत ऐकायची माझी हिंमत नाही.

मी प्राचार्यांना निवेदन दिलं. “पुढच्या वर्षी बघू.” विद्यापीठाला दिलं. पोच मिळाली. उद्गारचिन्ह या वेळी एकही घातलं नव्हतं. काही फरक पडत नाही, सर.

म्हणून आता तुम्ही सांगितलं तसंच करते. हा कागद ज्याच्या हातात आहे, त्या वाचणाऱ्याकडंच मागते. तुमच्या घरातला मुलगा, मुलगी, भाची, पुतण्या यंदा दुसऱ्या वर्षाला जाईल, मायनर निवडेल. निवडायच्या आधी तुम्ही स्वतः कॉलेजात जा. फलक बघू नका. थेट विचारा: हा विषय कोण शिकवतो, तो माणूस वर्षभर राहणार का, आणि तास संपल्यावर लांबच्या मुलीला बस मिळणार का? ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले, तर खुर्ची ओढून तिथंच बसा, आणि उत्तर लेखी मिळेपर्यंत उठू नका.